ताट वेगळं, ब्लेड मात्र एकच

मॅडम, नमस्कार. मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय २३, बारावी झाली आहे. पहिलंच बाळंतपण आहे, सातवा लागला. मागच्या महिन्यात उपकेंद्रात नर्सबाईनं रक्त घेतलं. सिकलसेल, एचआयव्ही सगळं चांगलं निघालं, पण एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं. कार्डावर लाल पेनानं लिहून दिलं. आशाताई म्हणाल्या, ही पांढरी कावीळ आहे, मोठ्या दवाखान्यात दाखव. माझे डोळे पिवळे नाहीत, भूक लागते, मृगात सरकी टोबायला गेली तरी काही त्रास नाही.

घरी समजलं त्या दिवसापासून सासूबाईनं माझं ताट, गडवा वेगळा केला. चुलीजवळ येऊ देत नाहीत. जावेचा दोन वर्षांचा पोरगा माझ्याजवळ आला की ओढून नेतात. "हा रोग माहेराहून घेऊन आली" म्हणतात. हे काहीच बोलत नाहीत. यायचं रक्त कोणी तपासलं नाही. मामंजींनी बाजूच्या गावाहून कावीळ उतरवणारा आणला. त्यानं चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले तर पाणी पिवळं झालं. पाल्याची पुडी दिली, ती मी अजून घेतली नाही. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात गेलो तर म्हणाले, सिझरच करावं लागेल, आणि किटचे पैसे वेगळे. तारीख पोळ्याच्या आसपासची आहे. आई म्हणते इकडेच ये, पण माहेर झरी जामणीकडे, नाला भरला की रस्ता बंद. बाळाला होईल का? दूध पाजू का? बाळंतपण कुठं करू? नाव छापू नका.

*

अगं पोरी,

तुझ्या पत्राखाली फोन नंबर होता म्हणून बरं. हे सदर छापून तुझ्या हातात पडेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात आणि तुझ्याकडे तेवढी सवड नव्हती. म्हणून आधी फोन केला, तातडीचं काय ते सांगितलं, आणि तू दुसऱ्याच दिवशी यवतमाळला जाऊन रक्त देऊन आलीस. रिपोर्ट यायचा आहे. फोनवर सासूबाई बाजूलाच बसल्या होत्या, तुला धड बोलता येत नव्हतं, म्हणून उरलेलं इथं लिहिते. तुझ्यासारखी पत्रं मला वर्षाकाठी पाच-सहा तरी येतात, त्यामुळे हे वाचणारी तू एकटी नसशील.

आधी कार्डावरच्या त्या लाल अक्षरांचं. एचबीएसएजी म्हणजे हिपॅटायटिस बी नावाच्या विषाणूच्या अंगावरचा एक प्रथिनाचा तुकडा. तो तुझ्या रक्तात सापडला, म्हणजे विषाणू तुझ्या शरीरात आहे. एवढंच. तुझं यकृत बिघडलंय की ठणठणीत आहे, विषाणू किती आहे, जोरात आहे की झोपलेला आहे, यातलं काहीही त्या एका ओळीत लिहिलेलं नाही. डोळे पिवळे नाहीत, भूक लागते, यात नवल काहीच नाही. हा विषाणू कित्येकांच्या यकृतात वर्षानुवर्षं मुक्कामाला असतो आणि घरच्याला पत्ता लागू देत नाही. 'पांढरी कावीळ' हे नाव त्यामुळेच पडलं असावं, पिवळेपण नसलेली कावीळ. (लाल पेनाबद्दल मात्र मला नर्सबाईंना सांगायचंय. बाई, कार्ड घरभर फिरतं. नोंद हवीच, पण तिला अशी शेंदूर फासल्यासारखी करू नका.)

आता 'माहेराहून घेऊन आली' याबद्दल. सासूबाईंचं म्हणणं कदाचित खरंही असेल, पण त्यांना वाटतं त्या अर्थानं नाही. मोठ्या माणसाला हा विषाणू लागला तर शंभरातल्या पंच्याण्णव जणांचं शरीर त्याला सहा महिन्यांत हाकलून लावतं. जन्मताना लागला तर मात्र शंभरातल्या नव्वद बाळांच्या शरीरात तो कायमचा राहतो. बाळाच्या शरीराला आपलं कोण, परकं कोण हे अजून कळत नसतं. म्हणून तेविसाव्या वर्षी एखादीच्या रक्तात तो मुरलेला सापडतो, तेव्हा बहुतेक वेळा तो तिच्या जन्मापासून किंवा बालपणापासूनचा असतो. तू जन्मलीस तेव्हा सरकारी लसीकरणात हिपॅटायटिस बीची लस सगळीकडे पोचलेली नव्हती. देशभर ती २०११ मध्ये आली. तुझ्या आईलाही हा विषाणू असेल आणि तिला आजवर माहीतच नसेल. तिचं रक्त तपासून घे, भावंडांचंही. दोष शोधायला नको, त्यांच्यापैकी कुणाला औषध लागणार असेल तर ते वेळेवर कळावं म्हणून.

आणि हे शांत बसलेले तुझे 'हे'. यांचंही रक्त तपासायला हवं, पहिल्या आठवड्यातच तपासायला हवं होतं. हा विषाणू रक्तातून जातो आणि नवरा-बायकोच्या संबंधातूनही जातो. ते पॉझिटिव्ह निघाले तर कोणी कोणाला दिला हा हिशेब करत बसू नका, तो कधीच जुळत नाही. निगेटिव्ह निघाले आणि अंगात प्रतिकारशक्तीही नसली तर त्यांना लस द्यायची. तीन सुया, पहिली आज, दुसरी एक महिन्यानं, तिसरी सहा महिन्यांनी. तोवर निरोध वापरायचा. हे त्यांना तू सांगू शकत नसशील तर या सदराचं कात्रण त्यांच्या उशाशी ठेव.

ताटाकडे येते.

तुझं ताट वेगळं केलं, गडवा वेगळा केला. वर्षभर तू त्यांच्याच गंजातलं वरण त्यांच्याच ताटात जेवलीस, तेव्हाही विषाणू तुझ्यात होताच. तो ताटातून जात नाही. एका गडव्यातल्या पाण्यातून, भाकरीतून, तू लाटलेल्या पोळीतून, शिंकेतून, मिठी मारण्यातून, डासातून, एका संडासातून, काही काही नाही. जावेचा पोरगा तुझ्या मांडीवर बसला तर त्याला प्रेमाखेरीज काही लागायचं नाही. त्याची पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीची, इंजेक्शनं झाली असतील तर या विषाणूची लस त्यातच होती. कार्ड काढून बघा म्हणावं.

पण मी फोनवर तुला विचारलं, घरात दाढीचं ब्लेड कोणाचं कोण वापरतं? तू म्हणालीस, मामंजींचं आणि यांचं एकच, आणि नखं काढायलाही घरातल्या सगळ्या बाया तेच घेतात. हेच ते! ताट वेगळं केलं आणि ब्लेड एकच ठेवलं. हा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या डागातसुद्धा सात दिवस जिवंत राहतो. म्हणून ब्लेड, वस्तरा, दात घासायचा ब्रश, कान टोचायची सुई, जत्रेत गोंदायची सुई, आणि गावात पिशवी घेऊन फिरणारा तो 'डॉक्टर' उकळलेल्या-न उकळलेल्या सुईनं जे इंजेक्शन देतो ते, या गोष्टी वेगळ्या हव्यात. कापलं-खरचटलं तर पट्टी बांधायची, रक्त सांडलं तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं पुसायचं. बाळाच्या बारशाला कान टोचाल, पुढे जावळ काढाल, तेव्हा सोनाराची सुई नवी आणि न्हाव्याचं ब्लेड नवं, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं. सासूबाईंना वेगळं करण्याची एवढी हौस आहे तर ती इथं कामी येऊ दे.

आता तुझा खरा प्रश्न. बाळाला होईल का?

पोटात असताना वारेतून हा विषाणू बाळापर्यंत क्वचितच जातो. जातो तो मुख्यतः बाळंत होताना, आईचं रक्त आणि स्राव बाळाच्या अंगाशी, तोंडाशी, डोळ्यांशी येतात तेव्हा. काहीच केलं नाही तर किती बाळांना होतो, हे आईच्या रक्तातल्या विषाणूच्या जोरावर ठरतं. तो जोर दाखवणारी तुझी दुसरी एक तपासणी लिहून दिली आहे, एचबीईएजी. ती पॉझिटिव्ह आली तर काहीच न करता शंभरातल्या सत्तर ते नव्वद बाळांना लागण होते. निगेटिव्ह आली तर दहा ते चाळीस. हे आकडे घाबरवायला सांगत नाही. ते 'काहीच केलं नाही तर'चे आहेत, आणि आपण काहीतरी करणार आहोत.

तू शेतकऱ्याची पोर आहेस, तुला निंदणाची भाषा लगेच कळेल. तण दोन पानांवर असतं तेव्हा खुरप्याच्या एका फटक्यात निघतं. तेच हरळीसारखं खाली मुळ्या धरून बसलं की जन्मभर उपटत बसा. बाळाच्या अंगात जन्मताना शिरलेल्या विषाणूला यकृतात मूळ धरायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात खुरपं चालवायचं. म्हणून जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत बाळाला हिपॅटायटिस बीची सुई. जितकी लवकर तितकी चांगली, बारा तासांत दिली तर फारच उत्तम. अर्धा मिलिलिटर, मांडीत. ही सुई सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला फुकट द्यायचीच असते, आई पॉझिटिव्ह असो वा नसो. बीसीजी आणि पोलिओच्या थेंबांसोबतच. पुढे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट, त्यात हीच लस असते.

तुझ्या बाळाला आणखी एक सुई लागेल, दुसऱ्या मांडीत. हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, दवाखान्यात तिला 'एचबिग' म्हणतात. लस आणि ही, दोन्हींत फरक काय? लस म्हणजे घरच्या पोराला काम शिकवणं. वेळ लागतो, पण शिकला की आयुष्यभराचा. एचबिग म्हणजे रोजानं आणलेले मजूर. आले त्या मिनिटाला कामाला लागतात, पण हंगाम संपला की निघून जातात. बाळ स्वतः शिकेपर्यंत त्या मजुरांनी रान राखायचं. दोन्ही सुया वेळेत मिळाल्या तर होऊ शकणाऱ्या लागणीपैकी ८५ ते ९५ टक्के टळते. बाळ दोन किलोच्या आत भरलं तरी तुझ्या बाबतीत या सुया थांबवायच्या नाहीत. आपल्याकडं बारीक बाळं बरीच जन्मतात आणि 'वजन वाढू दे, मग देऊ' हे वाक्य फार ऐकू येतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

हे लिहिताना माझ्या डोळ्यासमोर एक बाळ येतंय. बरीच वर्षं झाली. मी तेव्हा एका आडगावच्या केंद्रात होते, नाव कशाला घेऊ. दिवाळीच्या रात्री एक बाई बाळंत झाली. मी सुटीवर होते, ती पॉझिटिव्ह आहे हे कार्डावर होतं, लस फ्रीजमध्ये होती. पण कुपी दहा डोसांची. एका बाळासाठी ती फोडायची आणि नऊ डोस वाया घालवायचे? वरून हिशेब मागतील. ड्यूटीवरच्या माणसानं ठरवलं, लसीकरणाच्या दिवशी चार-सहा बाळं येतील तेव्हा देऊ. चौथ्या दिवशी दिली. वर्षानं त्या मुलाचं रक्त पॉझिटिव्ह आलं. वेळेवर सुई मिळाली असती तर टळलंच असतं असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. पण चार दिवस हातातले होते आणि ते आम्ही घालवले. त्याचा राग मला त्या माणसापेक्षा स्वतःवर जास्त आहे, कारण सुटीवर जाताना 'अमुक बाई आहे, कुपी फोडा' एवढं कागदावर लिहून जाणं माझ्या हातात होतं.

म्हणून हे नीट वाच आणि आशाताईंनाही वाचून दाखव. हिपॅटायटिस बीच्या लसीची उघडलेली कुपी वाया जात नाही. सरकारचाच नियम आहे की ती थंड ठेवली, स्वच्छ हाताळली, तिच्यावरचं व्हीव्हीएम म्हणजे उष्णता दाखवणारं चिन्ह ठीक असलं आणि वापराची मुदत संपलेली नसली, तर उघडल्यापासून अठ्ठावीस दिवस वापरता येते. एका बाळासाठी कुपी फोडायला कोणी कां-कूं केलं तर हे सांगायचं. भांडायचं नाही, पण हलायचंही नाही.

आता औषध. तुझा विषाणूंचा भार, म्हणजे व्हायरल लोड, एका मिलिलिटरला दोन लाखांच्या वर निघाला किंवा एचबीईएजी पॉझिटिव्ह आली, तर टेनोफोविर नावाची गोळी अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून रोज एक सुरू करतात. तुझा अठ्ठाविसावा आठवडा तोंडावर आला होता, म्हणून फोनवर एवढी घाई केली. बाळंतपणापर्यंत तुझ्या रक्तातले विषाणू इतके कमी होतात की दोन सुयांच्या जोडीला ही गोळी असली तर बाळ जवळपास सुटतंच. तपासण्या हाताशी नसतील तर सगळ्याच पॉझिटिव्ह आयांना ही गोळी देता येईल, असं जागतिक आरोग्य संघटना २०२४ पासून म्हणते आहे. त्यामुळे व्हायरल लोडचा रिपोर्ट महिनाभर लटकला तर रिकाम्या हातानं थांबू नकोस, डॉक्टरांना हे विचार. गोळी पोटातल्या बाळाला बाधत नाही. एचआयव्ही असलेल्या हजारो गर्भवती बाया तीच गोळी इतर औषधांसोबत वर्षानुवर्षं घेत आहेत. तुझा एचआयव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे हे मी मुद्दाम दोनदा विचारलं ते यासाठीच. तो आजार असता तर ही एकटी गोळी चालली नसती. एक पथ्य मात्र आहे, गोळी मनानं बंद करायची नाही. बाळंतपणानंतर कधी थांबवायची ते डॉक्टर एसजीपीटी, म्हणजे यकृताची सूज दाखवणारी रक्ततपासणी, बघून ठरवतील. अचानक थांबवली तर विषाणू उसळून यकृताला सूज येऊ शकते.

आता पैशाचं. २८ जुलै २०१८ पासून देशात राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम आहे. त्यात तपासण्या आणि गोळ्या फुकट आहेत आणि पॉझिटिव्ह आईच्या बाळाला एचबिगही त्यातूनच द्यायची आहे. कागदावर हे सगळं आहे. एचबिग मात्र प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रीजमध्ये शोधून सापडायची नाही, ती मोठ्या ठिकाणीच मिळते, आणि तिथंही कधी संपलेली असते. म्हणून आठव्या महिन्यातच विचारून ठेवायचं, 'माझ्या बाळासाठी एचबिग आहे का, नसेल तर कधी मागवाल?' बाहेरून आणायची वेळ आलीच तर घरच्यांना सांग, डब्यात बर्फ घालून त्याच्यावर सुई टेकवून आणू नका. ही औषधं गोठली की निकामी होतात. बर्फ आणि कुपीत कापडाचा जाड थर हवा.

यावरून बाळंतपण कुठं करायचं याचं उत्तर आपोआप मिळतं. माहेरी नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मला माहीत आहे आणि आईच्या हातचं खाणं काय असतं तेही. पण पोळ्याच्या दिवसांत झरी जामणीकडचे नाले कसे फुगतात हे तूच लिहिलं आहेस. आणि सण म्हणजे पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. निम्मे कर्मचारी रजेवर, उरलेले बैलांच्या मागं. त्या दोन दिवसांत तुझं पोट दुखायला लागलं तर चोवीस तास कुठं जातील कळणारही नाही. आईलाच इकडे बोलाव. बाळंतपण यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कर. तारखेच्या आठ दिवस आधी यवतमाळला कोणाकडे राहायची सोय होते का ते आत्ताच बघ. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची डॉक्टरांकडून तपासणी असते, येत्या ९ ला जाऊन तिथंच हे सगळं पक्कं कर. नेण्या-आणण्याला १०२ ची गाडी फुकट आहे. एवढं करूनही गाडीतच किंवा घरीच बाळंत झालीस, तर हातपाय गाळू नकोस. नाळ नव्या ब्लेडनं कापायची, बाळ कोरडं पुसायचं आणि चोवीस तासांच्या आत जवळच्या केंद्रात लसीची सुई घ्यायची. मग एचबिगसाठी पुढं निघायचं.

सिझरबद्दल थोडक्यात. केवळ हिपॅटायटिस बीसाठी सिझर करायची गरज नाही. बाळ आडवं असलं, ठोके कमी झाले, अशा नेहमीच्या कारणांनी लागलं तर लागेल. आणि किटचे वेगळे पैसे? जे हातमोजे, अ‍ॅप्रन, चष्मे ते तुझ्यासाठी घालणार, ते प्रत्येकच बाळंतिणीसाठी घालायला हवेत, कारण तपासणी न झालेल्या बाईच्या रक्तात काय आहे हे कोणाला ठाऊक असतं? मला तर तू जास्त सुरक्षित वाटतेस, तुझं निदान माहीत तरी आहे.

दूध पाज. पहिल्या तासात चीक पाज, सुईची वाटही बघायची नाही. दुधातून हा विषाणू लागत नाही असं मानायला भरपूर आधार आहे, आणि वरचं दूध बाटलीतून पाजून आपल्याकडं बाळांना जे जुलाब होतात त्यांचा धोका खरा आणि रोजचा आहे. बोंडशीला चिरा पडून रक्त येत असेल तर नर्सबाईला दाखव, बाळाला धरायची पद्धत बदलली की बहुतेक चिरा भरतात.

तो कावीळ उतरवणारा. पुडी घेतली नाहीस, शाबास. पाणी पिवळं झालं ते तुझ्या अंगातली कावीळ उतरून नाही. आधी तळहाताला जो सालीचा-पाल्याचा रस चोळतात त्याचा रंग चुन्यात पिवळा येतो. मामंजींना म्हणावं, त्याच रसानं तुमचे हात चोळून धुऊन बघा. खेळ म्हणून सोडून दिलं असतं, पण पोटात जाणारा पाला यकृतावर ताण आणतो आणि तुझं यकृत आधीच एक पाहुणा सांभाळतंय.

एका गोष्टीत मात्र सासू-सासऱ्यांची काविळीची भीती खोटी नाही. पावसाळ्यात आपल्या खेड्यांत जी पिवळी कावीळ पसरते, तिच्यामागे पुष्कळदा हिपॅटायटिस ई असतो. तो वेगळा विषाणू, घाण पाण्यातून येतो, बाकीच्यांना काही आठवडे आडवं करून सोडतो. पण सातव्या महिन्यानंतरच्या बाईला तो फार जड जातो, अशा बायांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत दगावल्याच्या नोंदी आहेत. म्हणून पाऊस सुरू झाल्यापासून उकळलेलं पाणी पी, शेतावरही घरचीच बाटली ने. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, बोलणं असंबद्ध झालं, अंगातून कुठूनही रक्त यायला लागलं, तर त्याच तासाला १०८ बोलवायची.

तुझ्या स्वतःच्या प्रकृतीचंही विसरू नकोस, बाळाच्या धावपळीत बायका तेच विसरतात. दर सहा महिन्यांनी एसजीपीटी, डॉक्टर सांगतील तेव्हा पोटाची सोनोग्राफी. फार जणींना आयुष्यभर काहीच होत नाही. काहींना पुढं यकृताचा आजार होतो आणि तो आधी कळला तर औषध आहे. घरात कोणी दारू पीत असेल, तुला कौतुकानं कधी मोहाची पाजली असेल, तर ती बंद.

एक कागद घे आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिही, 'आई एचबीएसएजी पॉझिटिव्ह. बाळाला जन्मल्याबरोबर हिपॅटायटिस बी लस एका मांडीत, एचबिग दुसऱ्या मांडीत. वेळ लिहा.' माता बाल संरक्षण कार्डाच्या आत टाचून ठेव, आणि दवाखान्यात भरती होताना ज्या सिस्टर असतील त्यांच्या हातात दे. रात्रपाळी बदलली की पुन्हा दे. मी दिवाळीला जो कागद लिहिला नाही, तो हा.

मग बाळाचं रक्त. लवकर तपासू नका. एचबिगच्या उसन्या प्रतिद्रव्यांमुळे आधीचा रिपोर्ट फसवा निघतो. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाच्या सुईला जाशीलच, तेव्हाच यवतमाळची खेप कर. बाळाचं एचबीएसएजी बघायचं आणि प्रतिकारशक्ती आली का तेही. आली नसेल तर लस पुन्हा देता येते. त्या दिवशी गाडीत एक जागा सासूबाईंसाठी ठेव. घरात सगळ्यांचं रक्त तपासायचं म्हटल्यावर फोनमध्ये मागून त्यांचा आवाज आला होता, "मले काय झालं?" त्यांचंच तेवढं तपासायचं राहिलंय.